थडगे, चर्मपत्र आणि श्रद्धा
(बायबलविषयक उत्खननावरील रहस्य-कादंबऱ्यांचा एक अभ्यास)

रहस्यकथा म्हटली की खून हवा, निदान चोरी तरी हवी, अशी आपली समजूत असते. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर पोसलेल्या मराठी वाचकाला तर गुन्हा, गुन्हेगार आणि गुप्तहेर ही त्रयी तोंडपाठ असते. परंतु इंग्रजीत रहस्यकथेचा असा एक प्रकार आहे की ज्यात खून पडलाच तर तो दुय्यम असतो. खरा गुन्हा घडतो तो एखाद्या दगडाच्या किंवा चर्मपत्राच्या तुकड्याच्या बाबतीत. पॅलेस्टाइनच्या भूमीत एक थडगे सापडते, किंवा एखाद्या जुन्या मठात ग्रीक भाषेतील चिटोरा हाती लागतो. त्यावरील चार ओळी खऱ्या ठरल्या तर साऱ्या ख्रिस्ती धर्माचा पायाच उखडला जाईल, अशी स्थिती उत्पन्न होते. जग हादरते. मग कोणी धर्मनिष्ठ तरुण, एखादा पत्रकार किंवा प्राध्यापक, त्या ओळींचा पाठपुरावा करतो आणि त्या बनावट असल्याचे उघडकीस आणतो.

वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत या कादंबऱ्यांना स्थान नाही आणि ते मिळावे असा आग्रहही कोणी धरणार नाही. तरीही त्यांचा विचार करावासा वाटतो. पुराव्याकडे कसे पाहावे, कोणत्या पुराव्यावर संशय घ्यावा आणि कोणत्या पुराव्याला चटकन मान डोलवावी, याचे एक वळण या कादंबऱ्या वाचकाच्या मनाला लावतात. ते वळण बरोबर आहे का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. एका थडग्याने धर्म कोसळेल ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. पंढरपूरच्या विठ्ठलाची मूळ मूर्ती कोणती यावर आपल्या संशोधकांनी पुष्कळ वाद घातला. पण त्यामुळे एकाही वारकऱ्याची वारी चुकली नाही. ख्रिस्ती धर्माची गोष्ट थोडी निराळी आहे. रोमन अधिकारी पंतय पिलात याच्या कारकीर्दीत, यरुशलेम नगराबाहेर, येशूला क्रुसावर खिळले, अरिमथाईकर योसेफाने त्याचे शरीर आपल्या नव्या थडग्यात ठेवले आणि तिसऱ्या दिवशी ते थडगे रिकामे आढळले, असे शुभवर्तमानांत सांगितले आहे. ही काळ, स्थळ आणि व्यक्ती यांनी बांधलेली घटना आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही व्यर्थ होत, अशा आशयाचे विधान पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्वतःच करून ठेवले आहे. ज्या श्रद्धेने आपला भार एका ऐतिहासिक घटनेवर टाकला, तिला इतिहासाच्या कुदळीचे भय राहणारच.

एकोणिसाव्या शतकात ही कुदळ खरोखरीच हातात घेतली गेली. जर्मन विद्यापीठांतून बायबलची ऐतिहासिक चिकित्सा सुरू झाली होती. कोणता भाग कोणी, केव्हा लिहिला याची छाननी होत होती. त्याला उत्तर म्हणून अनेक श्रद्धाळूंनी पुरातत्त्वाकडे आशेने पाहिले. १८६५ मध्ये लंडनमध्ये पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंडाची स्थापना झाली. १८८३ मध्ये जनरल गॉर्डन यरुशलेममध्ये राहिला असता त्याने दमास्कस दरवाजाबाहेरील एक टेकडी हीच क्रुसाची जागा, असे मत मांडले, आणि तेथील एका थडग्याभोवतीची बाग १८९४ मध्ये इंग्लंडातील भक्तांनी वर्गणी काढून विकत घेतली. जमिनीखालून जे निघेल ते बायबलच्या बाजूनेच साक्ष देईल, असा विश्वास त्यामागे होता. कादंबरीकाराने एवढाच प्रश्न विचारला की, समजा, साक्षीदार फितूर झाला तर?

हा प्रश्न लोकप्रिय कादंबरीत ठळकपणे आणला गाय थॉर्न याने. त्याचे खरे नाव सिरिल आर्थर एडवर्ड रेंजर गल. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची ‘व्हेन इट वॉज डार्क’ ही कादंबरी लाखांनी खपली. लंडनच्या बिशपांनी प्रवचनात तिची प्रशंसा केल्यावर तर विचारावयासच नको. कथानक असे आहे. कॉन्स्टंटाइन शुआब नावाचा अब्जाधीश ख्रिस्ती धर्माचा कट्टर द्वेष्टा आहे. ब्रिटिश म्युझियममधील विख्यात पुरातत्त्वज्ञ सर रॉबर्ट लेवेलिन हा चैनीपायी त्याचा कर्जदार झालेला आहे. कर्जमाफीच्या बदल्यात लेवेलिन गुप्तपणे यरुशलेमला जातो आणि एका जुन्या थडग्यात ग्रीक लेख कोरून ठेवतो. येशूचे शरीर पहिल्या थडग्यातून मीच हलवून येथे लपवले, अशी अरिमथाईकर योसेफाची कबुली त्या लेखात आहे. पुढे हे थडगे उत्खननात ‘सापडते’. तज्ज्ञ म्हणून मत देण्यासाठी ज्याच्याकडे सारे पाहतात तो लेवेलिनच!

येथवर थॉर्नची कल्पना खरोखरच चलाख आहे. उत्तम बनावट करू शकेल तो उत्तम जाणकारच असणार, आणि त्या बनावटीला अस्सलपणाचा शिक्का देण्याचा अधिकारही त्याच्याच हाती असणार, हे मर्म त्याने अचूक पकडले आहे. मात्र पुढचा भाग वाचताना आपल्यासारख्या वाचकाला हसू आवरत नाही. पुनरुत्थान झालेच नाही ही बातमी पसरताच जगातील नीतिमत्ता एकदम ओसरू लागते. गुन्हे वाढतात, स्त्रियांवर अत्याचार होऊ लागतात, रोख्यांचे भाव कोसळतात, युद्धाचे ढग जमतात. ज्या देशांतील बहुसंख्य लोकांनी पुनरुत्थान कधी मानलेच नव्हते, तेथील लोक एकमेकांचे गळे न कापता हजारो वर्षे कसे राहिले, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. शेवटी बेझिल गॉर्टर हा तरुण धर्मोपदेशक आणि त्याचे मित्र, लेवेलिनच्या पूर्वीच्या प्रेयसीच्या साहाय्याने, कट उघडकीस आणतात. जग पुन्हा उजळते.

पण या कादंबरीतील एक गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. कटाचा सूत्रधार शुआब हा ज्यू दाखवला आहे. पैसेवाला, बुद्धिमान, ख्रिस्ती समाजाचा घात करण्यासाठी पडद्याआडून सूत्रे हलवणारा ज्यू! योगायोग असा की त्याच १९०३ साली सेंट पीटर्झबर्ग येथील ‘झ्नाम्या’ या वृत्तपत्रात ‘झायनच्या वडीलधाऱ्यांची इतिवृत्ते’ म्हणून ओळखले गेलेले लिखाण क्रमशः छापले गेले. ज्यू लोक जगावर सत्ता मिळवण्याचा गुप्त कट करीत आहेत, असे त्यात दाखवले होते. ते संपूर्ण बनावट होते. त्यातील मजकूर एका जुन्या फ्रेंच राजकीय पुस्तकावरून उचललेला असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये उताऱ्यांसह दाखवून दिले. तरीही ते खपत राहिले आणि पुढे नाझींनी त्याचा कसा उपयोग केला हे सर्वश्रुत आहे. कादंबरीत ज्यू ख्रिस्ती लोकांविरुद्ध बनावट पुरावा रचतो. प्रत्यक्षात त्याच वर्षी बनावट पुरावा रचला गेला होता तो ज्यूंविरुद्ध. आणि इंग्लंडातील जो वाचक थडग्यावरील लेखावर संशय घ्यायला शिकला, तो शुआबच्या चित्रणावर संशय घ्यायला शिकला नाही. ते चित्र त्याच्या आधीच्या समजुतीशी जुळत होते ना!

या मालिकेतील दुसरे महत्त्वाचे पुस्तक म्हणजे जे. एच. हंटर यांचे ‘द मिस्टरी ऑफ मार साबा’. हंटर हे स्कॉटलंडमधून कॅनडात गेलेले, टोरांटोच्या एका धार्मिक मासिकाचे संपादक. कादंबरी १९४० मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर प्रसिद्ध झाली. मार साबा हा बेथलेहेमच्या पूर्वेस, किद्रोनच्या खोल दरीच्या कड्याला चिकटून असलेला ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ. पाचव्या शतकात संत साबा याने त्याची स्थापना केली, आणि तेथे जुन्या पोथ्यांचा संग्रह होता. हंटर यांच्या कथेत हाइमवर्थ नावाचा जर्मन प्राध्यापक पीटर इफांटिस या ग्रीक विद्वानाला दबावाखाली ठेवून एक तुकडा तयार करवून घेतो. येशूचे शरीर आपण हलवले, असे निकदेमाच्या तोंडी घातलेला हा ग्रीक मजकूर मठातील पोथ्यांत ठेवला जातो, आणि सर विल्यम ब्रेसब्रिज या सद्‌हेतू इंग्रज विद्वानाला तो सापडेल अशी व्यवस्था केली जाते. ब्रिटनची श्रद्धा खचली की त्याचे लढण्याचे बळही खचेल, हा यामागचा जर्मन डाव.

थॉर्नचा शुआब गेला आणि त्याच्या जागी नाझी आला, एवढाच फरक. शत्रू बदलतो, सांगाडा तोच राहतो. हाइमवर्थ हा केवळ नाझी नाही, तो बायबलची ऐतिहासिक चिकित्सा करणाऱ्या जर्मन परंपरेतला विद्वान आहे, हे हंटर यांनी मुद्दाम दाखवले आहे. बायबलच्या पाठाविषयी शंका घेणारा अभ्यासक आणि बायबलविरुद्ध खोटा कागद रचणारा गुन्हेगार यांच्यामधली रेषा त्यांनी पुसून टाकली आहे. मला हा या कादंबरीचा सर्वांत मोठा दोष वाटतो. मारामाऱ्या, अपहरणे आणि वाळवंटातील पाठलाग यांचा अतिरेक त्यापुढे क्षम्य आहे. मार साबाच्या मठाकडे आपल्याला पुन्हा वळावे लागणार आहे.

या कादंबऱ्या रहस्यकथा म्हणून कोठे उण्या पडतात हे आता लक्षात येईल. चांगल्या रहस्यकथेत खुनी कोण हे शेवटपर्यंत ठाऊक नसते. निदान चार जणांवर तरी संशय घेता येतो. येथे मात्र मूळ प्रश्नाचे उत्तर पहिल्या पानाआधीच ठरलेले असते. थडगे खोटेच निघणार, कारण ते खरे निघाले तर लेखकाला कादंबरीच लिहिता येणार नाही. म्हणजे ‘हे खरे का?’ ही उत्कंठा उरत नाही. ‘हे खोटे असल्याचे कधी कळणार?’ एवढीच उरते. नकोसा पुरावा हा खोटाच असतो, हा त्या जगाचा नियम आहे. बोधासाठी कादंबरी लिहू नये असे मी म्हणत नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ सालची कादंबरी धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिलेली असूनही हिंदू विधवांची दुःखे तिने प्रथम मराठी कादंबरीत आणली, आणि त्या दुःखांचे उत्तर काहीही असो, दुःखे खरी होती. थॉर्न आणि हंटर यांच्यापुढचा प्रश्नही खरा आहे. त्यांनी त्याला खरोखर भिडावयाचे टाळले.

त्याला थोडा भिडला तो पॉल मायर. मायर हे अमेरिकेतील वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक होते आणि स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांची ‘अ स्केलेटन इन गॉड्स क्लॉझेट’ १९९४ मध्ये आली. जोनाथन वेबर हा हार्वर्डचा प्राध्यापक इस्राएलमधील रामा येथील उत्खननात सामील होतो. तेथे अरिमथाईकर योसेफाची म्हणता येईल अशी जागा, एक दगडी शवपेटी, क्रुसावर मारलेल्या माणसाची हाडे आणि पपायरसवरील पत्र मिळते. मृद्भांडी काळाशी जुळतात, लिपी जुळते, कार्बन-१४ चाचणीही जुळते. वेबर श्रद्धावान असूनही प्रत्येक चाचणी स्वतः मागून घेतो, आणि ती आपल्या श्रद्धेविरुद्ध गेली तरी लपवीत नाही. कादंबरीच्या मधल्या भागात तो खरोखर हादरलेला आहे. पुरावा खरा असेल तर आपण काय करावयाचे, हे तो स्वतःला विचारतो. ही पाने वाचताना आपण रहस्यकथा वाचत आहोत हे क्षणभर विसरावयास होते. इतिहासाच्या प्राध्यापकाने लिहिल्याचा हा फायदा. शेवटी उत्खननाचा प्रमुख ऑस्टिन बालफोर जेनिंग्ज यानेच सारे रचल्याचे निघते. म्हणजे नियम पुन्हा पाळला गेलाच. तज्ज्ञ आणि लबाड एकच, ही थॉर्नची जुनी युक्तीही परत आली. तरी मधली शंभर-दीडशे पाने वाया गेली असे मी म्हणणार नाही.

आता कादंबऱ्या बाजूला ठेवून प्रत्यक्षात काय घडले ते पाहू.

मोझेस विल्हेल्म शापिरा हा यरुशलेममधील पुराणवस्तूंचा व्यापारी. जन्माने ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेला. १८८३ मध्ये त्याने ब्रिटिश म्युझियमपुढे चामड्याच्या काही पट्ट्या ठेवल्या. त्यांवर बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाचा अतिप्राचीन लिपीतील पाठ होता, आणि त्यात दहा आज्ञांचा मजकूर काहीसा निराळा होता. किंमत मागितली दहा लाख पौंड. पट्ट्यांपैकी काही लोकांना पाहण्यासाठी मांडल्या गेल्या. बघ्यांची गर्दी झाली. शापिराने दहा वर्षांपूर्वी मवाबची प्राचीन मातीची भांडी आणि मूर्ती म्हणून जर्मनांना विकलेल्या वस्तू बनावट ठरल्या होत्या, आणि ते उघडकीस आणणारा फ्रेंच विद्वान क्लेरमाँ-गानो याही वेळी लंडनला येऊन धडकला. शापिरानेच पूर्वी विकलेल्या जुन्या पोथ्यांच्या खालच्या कडा कापून या पट्ट्या केल्या असाव्यात, असे त्याचे मत पडले. म्युझियमच्या वतीने तपासणी करणाऱ्या गिन्सबर्ग यांनीही त्या बनावट ठरवल्या. मार्च १८८४ मध्ये रॉटरडॅममधील एका हॉटेलात शापिराने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ज्या पट्ट्यांची किंमत दहा लाख होती त्या पुढल्या वर्षी लिलावात दहा पौंड पाच शिलिंगांना गेल्या आणि पुढे बेपत्ता झाल्या. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरान येथील गुहांत खरोखरीच दोन हजार वर्षांपूर्वीच्या चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्यावर काहींना शापिराची आठवण झाली; पट्ट्या खऱ्या असाव्यात असे म्हणणारे अभ्यासक आजही अधूनमधून पुढे येतात. पण तपासावयास पट्ट्याच नाहीत.

शापिराला श्रद्धा बुडवावयाची होती काय? मुळीच नाही. त्याला विकावयाचे होते, आणि जे विकावयाचे ते गिऱ्हाइकाला हवेहवेसे असावे लागते. येथेच कादंबरी आणि वस्तुस्थिती यांच्यातली फारकत सुरू होते.

ऑक्टोबर २००२ मध्ये एका दगडी अस्थिपेटीची बातमी जगभर झळकली. तिच्यावर अरामी भाषेत ‘योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ याकोब’ अशा अर्थाचा लेख होता. पेटी उत्खननात सापडलेली नव्हती. ती तेल अवीवमधील एका संग्राहकाकडे होती. महिन्याभरातच ती टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये मांडली गेली आणि लोकांनी रांगा लावल्या. जून २००३ मध्ये इस्राएलच्या पुराणवस्तू खात्याच्या समितीने पेटी जुनी पण लेख बनावट, असा निर्णय दिला. संग्राहकावर खटला चालला. मार्च २०१२ मध्ये बनावटगिरीच्या आरोपातून त्याची सुटका झाली. परंतु आरोप सिद्ध झाला नाही याचा अर्थ लेख अस्सल ठरला असा नव्हे, हे न्यायाधीशांनी स्पष्ट केले. पेटी आजही वादाची आहे. येशूच्या अस्तित्वाचा दगडी पुरावा मिळाला म्हणून जे आनंदले, त्यांच्यापैकी किती जणांनी ती कोणत्या थडग्यातून, कोणत्या थरातून आली असा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला?

त्याहूनही बोलके उदाहरण वॉशिंग्टनच्या ‘म्युझियम ऑफ द बायबल’चे. हे संग्रहालय एका धर्मनिष्ठ उद्योगपती घराण्याच्या पुढाकाराने नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडले. त्यात कुमरानच्या गुंडाळ्यांचे म्हणून सोळा तुकडे होते. असे तुकडे २००२ नंतर बाजारात एकाएकी दिसू लागले होते. आधी पाच तुकड्यांवर संशय बळावला. मग संग्रहालयाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून सर्वांची तपासणी करवून घेतली आणि मार्च २०२० मध्ये अहवाल जाहीर केला. सोळाच्या सोळा बनावट! चामडे जुने होते, बहुधा प्राचीन पादत्राणांचे वगैरे. परंतु शाई चामड्याला पडलेल्या भेगांत उतरलेली होती, तुटलेल्या कडांवरून ओघळलेली होती. म्हणजे चामडे जुने होऊन फाटल्यानंतर त्यावर लिहिलेले. भिंगाखाली धरताच दिसणारी ही गोष्ट विकत घेताना कोणाच्या लक्षात आली नाही. आपले संग्रह खोटे निघाल्याचे संग्रहालयाने स्वतः जाहीर केले, हे मात्र त्याच्या पदरी घातले पाहिजे.

या प्रकरणांत शुआब कोठे आहे? हाइमवर्थ कोठे आहे? धर्माचा शत्रू कोठेच दिसत नाही. जो कोणी बनावट करीत होता त्याला श्रद्धावंतांची दुर्बलता ठाऊक होती आणि त्याने त्यांना हवा होता तोच माल पुरवला. कादंबरीने वाचकाला शिकवले की, तुला नको असलेला पुरावा आला तर सावध राहा. उत्खननशास्त्राचा अनुभव सांगतो की, तुला हवा असलेला पुरावा आला म्हणजे अधिक सावध राहा.

हे केवळ भाविकांना लागू आहे असे समजण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरन किंग यांनी रोम येथील परिषदेत पपायरसचा एक चिमुकला तुकडा जाहीर केला. त्यावर कॉप्टिक भाषेत येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ असे शब्द होते. डॅन ब्राऊनच्या ‘द दा व्हिंची कोड’ने २००३ पासून हीच कल्पना घरोघरी पोहोचवली होती, त्यामुळे तुकड्याचा बोलबाला झाला. पपायरस जुना निघाला. पण मजकुरात, थॉमसच्या शुभवर्तमानाच्या संगणकावर उपलब्ध असलेल्या एका आवृत्तीतील चुकीशी जुळणारी चूक आढळली! २०१६ मध्ये एरिअल साबार या पत्रकाराने मालकाचा माग काढला, आणि किंग यांनीही तुकडा बनावट असण्याकडेच कल असल्याचे मान्य केले. म्हणजे चर्चला अडचणीत आणणारा पुरावा हवा असणारेही असतात, आणि त्यांच्यासाठीही दुकान उघडे असते.

ही बाजू कादंबरीत कोणी पाहिलीच नाही असे नाही. १९७२ मध्ये आयर्व्हिंग वॉलेसची ‘द वर्ड’ आली. वॉलेस हा धर्मप्रचारक नव्हे. तडाखेबंद खपाचा व्यावसायिक लेखक. त्याच्या कथेत रोमजवळील ओस्तिया अँतिका येथे याकोबाने लिहिलेले शुभवर्तमान सापडते. ते येशूच्या ऐतिहासिक अस्तित्वाचा प्रत्यक्ष पुरावा देते, आणि बायबल छापणाऱ्या प्रकाशकांचा एक संघ ते गुप्तपणे छापून विकण्याची तयारी करतो. जाहिरातीचे काम पाहणारा स्टीव्हन रँडल हा नायक. ग्रंथ आपणच रचला असे सांगणारा लेब्रुन नावाचा म्हातारा भेटल्यावर रँडल चौकशीच्या मागे लागतो, तेव्हा त्याला अडवतात ते त्याचेच मालक. वॉलेसची पात्रे पुठ्ठ्याची आहेत, शृंगाराची ठिगळे जागोजाग लावली आहेत; वाङ्मय म्हणून त्याला थॉर्नच्या फार वर बसवता येणार नाही. पण बनावट कागदाच्या पाठीशी उभे राहणारे हात कोणाचे असतात हे त्याला कळले होते. श्रद्धेपोटी लिहिणाऱ्यांना जे दिसले नाही ते धंदेवाईक लेखकाला दिसले, हे नमूद केले पाहिजे.

आता मार साबाकडे वळू. हंटर यांच्या कादंबरीनंतर अठरा वर्षांनी, १९५८ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मॉर्टन स्मिथ मठातील पोथ्यांची यादी करण्यासाठी तेथे गेले. १६४६ मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर त्यांना अठराव्या शतकातील वळणाच्या ग्रीक अक्षरांत लिहिलेला मजकूर आढळला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या अलेक्झांड्रियाच्या क्लेमंटच्या पत्राची ती नक्कल असल्याचे दिसत होते, आणि त्या पत्रात मार्काच्या शुभवर्तमानाच्या एका गुप्त, अधिक विस्तृत पाठातील उतारे होते. स्मिथ यांनी छायाचित्रे घेतली, पुस्तक मठातच ठेवले आणि १९७३ मध्ये या शोधावर दोन ग्रंथ प्रसिद्ध केले.

मठ तोच, ग्रीक मजकूर, शुभवर्तमानांचा अर्थ बदलणारा आशय, शोध लावणारा इंग्रजी बोलणारा विद्वान. हे साम्य लक्षात येताच काही अभ्यासकांनी हंटर यांची कादंबरी साक्षीला बोलावली. स्मिथ यांनी कादंबरी वाचून ती प्रत्यक्षात उतरवली, असा आरोप गंभीर नियतकालिकांतून झाला. २००५ मध्ये स्टीफन कार्लसन यांनी हस्ताक्षराच्या आधारे ‘द गॉस्पेल होक्स’ हे पुस्तकच लिहिले. दुसऱ्या बाजूने, स्मिथ यांचे ग्रीक त्या दर्जाचे नव्हते, हस्ताक्षर अठराव्या शतकाशी जुळते आणि त्यांनी अर्थ लावण्यात घालवलेली वर्षे लबाडाला शोभणारी नाहीत, अशीही उत्तरे आली. स्मिथ १९९१ मध्ये वारले. बनावटीचा आरोप त्यांनी कधीही मान्य केला नाही.

एखादी कादंबरी एखाद्या दस्तऐवजाविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहावी, ही घटना वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारी आहे. साम्य आहे यात शंका नाही. परंतु साम्य म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे. मार साबाच्या मठात पोथ्या आहेत हे ठाऊक असल्यामुळेच हंटर यांनी तो मठ निवडला, आणि पोथ्या आहेत म्हणूनच स्मिथही तेथे गेले. हंटर यांचा तुकडा पुनरुत्थान नाकारतो. क्लेमंटच्या पत्रात तसे काही नाही. नकोसा कागद आहे, तेव्हा तो बनावट असणार, आणि बनावट असेल तर तो विद्वानानेच केलेला असणार, ही विचारसरणी आपण कोठे शिकलो, असे या वादातील काहींना विचारावेसे वाटते.

निर्णय देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शाई. १९७६ मध्ये काही विद्वानांनी मठात जाऊन ते पुस्तक पाहिले आणि ते यरुशलेम येथील ग्रीक पॅट्रिआर्केटच्या ग्रंथालयात आणले. पुढे तेथे ती पाने छायाचित्रांसाठी पुस्तकापासून सुटी करण्यात आली. शाईची रासायनिक तपासणी झाली नाही, आणि सुटी केलेली पाने आज कोठे आहेत हे कोणी सांगू शकलेले नाही. मूळ छापील पुस्तक मात्र ग्रंथालयात आहे.